नमस्कार, अनडिफाइन्ड

आमच्या सोसायटीच्या वेबसाइटवर मला 'अनडिफाइन्ड' म्हणतात. मला एकटीलाच नव्हे. ए विंगमधले निवृत्त कर्नल, तळमजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या मावशी, पहिल्या मजल्यावरचे होमिओपॅथ डॉक्टर, सगळ्यांचं तिथे एकच नाव. सदनिका क्रमांक टाकून बटण दाबलं की पान अदबीने म्हणतं, 'नमस्कार, अनडिफाइन्ड! आपली एकूण थकबाकी रुपये नॅन फक्त.' त्यातलं 'फक्त' मला फार आवडतं.

'नॅन' रोमन लिपीत उमटतं, त्यामुळे सोसायटीने ते एकमताने 'नान' असं वाचलं. आमच्याकडे एकमताने झालेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमच्याकडे दोन बटर, एक प्लेन' असे निरोप पडू लागले आणि खजिनदारकाकांनी दुखावून 'कृपया विषयाला धरून लिहावे' असं कळवलं.

हे पान बनवलं काकांच्या साडूंच्या मुलाने, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, प्रोजेक्ट म्हणून. प्रोजेक्टला मार्क मिळाले, मुलगा जर्मनीला गेला आणि पान आमच्या गळ्यात पडलं. त्याला ईमेल केली की तो अंगठा वर केलेलं चित्र पाठवतो.

मी स्वतः प्रोग्रॅमर आहे. सोसायटीत हे कोणाला ठाऊक नव्हतं. मी लपवलं नव्हतं, कोणी विचारलंच नव्हतं. घरात इंजिनिअर एक असतो आणि तो नवरा असतो, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आमचे हे चाकणला गिअरबॉक्स बनवतात. वेबसाइट बिघडली की लोक त्यांना लिफ्टमध्ये गाठतात आणि ते गंभीरपणे 'सर्व्हरवर लोड असेल' असं सांगून चौथ्या मजल्यावर उतरून जातात. आम्ही सातव्यावर राहतो.

एका रविवारी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी त्या पानावर राइट क्लिक करून आतली स्क्रिप्ट उघडली. सगळी स्क्रिप्ट पानातच चिकटवलेली. वर लिहिलं होतं, 'व्हार नाव; व्हार एकूण;'. म्हणजे नाव आणि एकूण असे दोन व्हेरिएबल आहेत, एवढी दवंडी पिटली. त्यांच्यात सुरुवातीला काय असेल याबद्दल चकार शब्द नाही. पुढे सदनिका यादीत सापडली तर नाव भरायचं आणि लूप फिरवून दर महिन्याची रक्कम 'एकूण'मध्ये मिळवायची. शेवटी त्यावर २१ टक्के व्याज. आता सदनिका यादीत सापडायची तर ती 'बी' कॅपिटल, मग आडवी रेघ, मग ७०४, अशी तंतोतंत लिहायला हवी. कर्नलसाहेब सोडले तर असं कोणी लिहीत नाही, आणि ते 'विंग' हा शब्दही लिहितात. सदनिका सापडली नाही की नाव कोरं राहतं, म्हणून अनडिफाइन्ड.

थकबाकीची गोष्ट याहून बेरकी आहे. सदनिका अगदी बरोबर लिहिली, तरी लूपच्या पहिल्याच फेरीला प्रश्न येतो: 'एकूण'मध्ये आत्ता काय आहे? काहीच नाही. त्यात ८५० मिळवा. सी भाषेत असं केलं तर मेमरीच्या त्या कोपऱ्यात आधी जो काही कचरा पडला असेल त्यात ८५० मिळवले जातात. जावासारखी कडक भाषा प्रोग्रॅम चालवायलाच नकार देते. आमच्या पानाची भाषा जावास्क्रिप्ट मात्र बेरीज करते आणि उत्तर देते 'नॅन', म्हणजे ही संख्या नव्हे. एप्रिलमध्ये हा नॅन शिरला की मार्चपर्यंत बाहेर पडत नाही, कारण त्यात काहीही मिळवा, कशानेही गुणा, पुन्हा नॅनच. गंमत म्हणजे याचा प्रकार कोणता असं जावास्क्रिप्टला विचारलं तर ती सांगते, संख्या.

खजिनदारकाकांच्या मेव्हण्यांना 'यातलं थोडंफार येतं'. हे 'थोडंफार' फार घातक असतं. त्यांनी तोडगा काढला की 'एकूण'ची किंमत नॅनबरोबर ताडून पाहायची आणि जुळली तर 'कार्यालयात चौकशी करावी' असं छापायचं. संध्याकाळपासून रात्री जेवणाची पानं घेईपर्यंत ते बसले, पण ती ओळ काही छापली जाईना. जाणार कशी? नॅन हा कशाच्याच बरोबर नसतो, स्वतःच्यासुद्धा नाही. तसा नियमच आहे, १९८५ साली ठरलेल्या आयट्रिपलई ७५४ या मानकात. स्वतःशीही न जुळणारी अशी ही एकच किंमत अख्ख्या भाषेत आहे, आणि मेव्हण्यांनी नेमकी तीच जुळवायला घेतली होती.

यात दोष मुलाचा, मेव्हण्यांचा, पण निम्मा तरी भाषेच्या स्वभावाचा. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत ही भाषा उभी केली. आधी तिचं नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट. हौशी माणसाने चार ओळी पानात चिकटवाव्यात आणि काम व्हावं, असा तेव्हाचा हेतू. त्यामुळे तिच्या रक्तातच 'चालतंय की' आहे. व्हेरिएबल जाहीर न करताच त्याला किंमत दिली? चालतंय की. आधी वापरला आणि खाली जाहीर केला? तेही चालतंय, ती स्वतःच जाहीरनामा उचलून वर नेते, फक्त किंमत खालीच राहते. बरं, 'काही नाही' सांगायला तिच्याकडे एक सोडून दोन गोष्टी आहेत, अनडिफाइन्ड आणि नल. त्यातल्या नलचा प्रकार विचारला तर ती 'ऑब्जेक्ट' म्हणते. ही पहिल्या दिवसापासूनची चूक आहे हे सर्वांना मान्य आहे. दुरुस्त करायचा प्रस्तावही येऊन गेला, पण तिच्यावर विसंबलेली जुनी पानं मोडतील म्हणून तिला हात लावला नाही. नलचे मूळ जनक टोनी होअर. १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेत त्यांनी तो आणला आणि २००९ साली एका परिषदेत, ही माझी अब्ज डॉलरची चूक, असं म्हणून जाहीर माफी मागितली. आमच्या जर्मनीच्या मुलाकडून मात्र अजून अंगठाच येतो.

पूर्वी निदान ब्राउझर तरी बोंब मारायचा. इंटरनेट एक्स्प्लोररच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण उगवायचा, त्यात उद्गारचिन्ह. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी त्या त्रिकोणाला भ्यायचे. आता सगळ्या तक्रारी कन्सोलमध्ये जातात, आणि एफ-ट्वेल्व्ह दाबून तिथे डोकावणारा माणूस सोसायटीत सोडा, आमच्या ऑफिसातही शोधावा लागतो. अनडिफाइन्ड आणि नॅन तर तिथेही तक्रार करत नाहीत. ते थेट गिऱ्हाइकासमोर जाऊन उभे राहतात.

अनडिफाइन्डची अशी सर्वांत मोठी कारकीर्द झाली ती सभेच्या उपस्थितीपत्रकात. ती यादीही हेच पान बनवतं. 'व्हार यादी;' म्हणायचं, की तिच्या शेपटाला एकेक नाव जोडत जायचं. सुरुवातीला रिकामं अवतरणचिन्ह ठेवलं असतं तर भागलं असतं. ते न ठेवल्याने कोऱ्या 'यादी'ला पहिलं नाव चिकटताना आधी 'अनडिफाइन्ड' हा शब्दच लिहिला जातो. सेक्रेटरी ते पत्रक इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवतात. त्यामुळे प्रत्येक वार्षिक सर्वसाधारण सभेला अग्रक्रमाने उपस्थित असलेले सभासद म्हणजे अनडिफाइन्ड. त्यांनी कधी पार्किंगचा विषय काढला नाही, पाण्याच्या टाकीवरून आवाज चढवला नाही, चहाबरोबर दुसरा समोसा घेतला नाही. एकदा गणसंख्येला एक डोकं कमी पडत होतं आणि सभा अर्धा तास तहकूब करायची वेळ आली, तेव्हा सेक्रेटरींनी पत्रक पुन्हा मोजलं आणि 'आहेत, आहेत' म्हणून सभा सुरू केली. पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचून कायमही झालं.

मेव्हण्यांनी मग नावाचा प्रश्न हाती घेतला. 'नाव' हा मराठी शब्द असल्यामुळे कॉम्प्युटरला कळत नसावा, असा त्यांचा कयास. त्यांनी व्हेरिएबलचं नाव बदलून 'नेम' केलं, आणि खरोखरच अनडिफाइन्ड गायब झालं! पेढे वाटायचे तेवढे राहिले. मेव्हण्यांना हे माहीत नव्हतं की ब्राउझरच्या खिडकीकडे 'नेम' नावाची स्वतःची एक चीज आधीपासून असते. पानातल्या स्क्रिप्टमध्ये उघड्यावर 'व्हार नेम;' लिहिलं की नवं काही तयार होत नाही, खिडकीचंच 'नेम' हाती येतं, आणि त्या टॅबमध्ये पान पुन्हा उघडलं तरी त्यातलं जुनं पुसलं जात नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये सर्वांसाठी ठेवलेला कॉम्प्युटर आहे. त्यावर कर्नलसाहेबांनी एकदाचा क्रमांक बरोबर टाकला, आणि त्यानंतर दिवसभर जो जो सभासद चुकीचा क्रमांक टाकून बसला त्याला पानाने कर्नल म्हणून सलाम ठोकला. पाळणाघरवाल्या मावशी तेव्हापासून जरा ताठ चालतात.

हसण्यावारी न्यायचा हा प्रकार नाही. आपण किंमत दिली नाही म्हणून व्हेरिएबल रिकामाच राहील, ही समजूत कैक वेबसाइटना भोवली आहे. पीएचपी या भाषेत पूर्वी 'रजिस्टर ग्लोबल्स' नावाची एक सोय होती. पत्त्याच्या पट्टीत प्रश्नचिन्हापुढे जे लिहाल, त्या नावाचा व्हेरिएबल पानाच्या स्क्रिप्टमध्ये आयता तयार व्हायचा. आता समजा स्क्रिप्टमध्ये लिहिलंय, पासवर्ड जुळला तर 'अधिकारी'ची किंमत एक करा. न जुळला तर काय, ते लिहायचं राहिलं. बाहेरच्या माणसाने पासवर्ड न टाकता पत्त्याच्या शेवटी 'अधिकारी बरोबर एक' एवढं जोडलं की झाला तो अधिकारी. स्क्रिप्टच्या माथ्यावर 'अधिकारी बरोबर शून्य' ही एक ओळ असती तर दार बंद राहिलं असतं. २००२ साली ४.२ आवृत्तीत ही सोय मुळातून बंद ठेवून द्यायला लागले आणि २०१२ साली ५.४ मध्ये ती काढूनच टाकली. बिनकिमतीचा व्हेरिएबल वाचला तर पीएचपी बरीच वर्षं नुसती 'नोटीस' देत असे, आणि नोटिशीला माणसं किती भीक घालतात ते सोसायटीत राहणाऱ्याला सांगायला नको. २०२० साली आठव्या आवृत्तीत त्या नोटिशीची 'वॉर्निंग' झाली.

इकडे खजिनदारकाकांना कोणीतरी ऑफिसात सांगितलं की व्हेरिएबल आधी शून्य करायचा असतो. त्यांनी मेव्हण्यांकडून 'एकूण बरोबर शून्य' करून घेतलं. नान संपले. क्रमांक बरोबर टाकला तर थकबाकी अगदी चोख दिसायला लागली. आणि क्रमांक चुकला, तर? लूप फिरतच नाही, 'एकूण' शून्यावर बसून राहतो, त्यावर २१ टक्के व्याजही शून्य. पान सांगतं, 'आपली एकूण थकबाकी रुपये शून्य फक्त.'

नान होते तोवर रोज तक्रारी यायच्या. शून्य आल्यापासून एकही तक्रार आली नाही. काका खूश. आठवड्याभरात अख्ख्या सोसायटीला शोध लागला की सदनिका क्रमांक रेघ न देता, लहान अक्षरात लिहायचा. तीन वर्षं मेंटेनन्स न भरलेल्या एका गृहस्थांनी तर त्या पानाची रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतली. नॅन निदान तोंडावर सांगत होता की मला हिशेब येत नाही. शून्य हसतमुखाने खोटं बोलत होतं.

मग २६ जानेवारी आली आणि सोसायटीचा सत्यनारायण. गुरुजी ट्रॅफिकमध्ये अडकले. मुहूर्त टळू नये म्हणून होमिओपॅथ डॉक्टरांनी मोबाइलवर पोथी उघडली आणि यजमान म्हणून बसलेले खजिनदारकाका त्यांच्या मागून संकल्प म्हणू लागले. डॉक्टर जे लिहिलंय ते वाचत होते, आणि तिथे 'अमुक' असं लिहिलेलं होतं. तेव्हा काकांनी पळी हातात धरून, खणखणीत आवाजात, अमुक नाव, अमुक गोत्र, अमुक तिथी, अमुक वार असा संकल्प सोडला. पूजा कोणाच्या खात्यावर जमा झाली असेल ते सत्यनारायणच जाणे. गुरुजी आले, त्यांनी ऐकलं, डोक्याला हात लावला आणि सगळं पहिल्यापासून करून घेतलं: संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, गोदावरीचा कुठला तीर, यजमानांचं नाव. मी मागे बसून केळी सोलत होते आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. उदक सोडण्याआधी एकूण एक व्हेरिएबलला किंमत देणारा दुसरा इतका शिस्तशीर माणूस मी आमच्या धंद्यात पाहिलेला नाही.

काकांना गोत्र आठवेना. काकूंकडे पाहिलं, त्यांनाही नाही. गुरुजी न थांबता म्हणाले, 'गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणा.' रूढीच आहे तशी. काकांचे डोळे चमकले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर काश्यप गोत्राचा नियम लागू झाला. थकबाकी कळत नसेल तर पाच हजार धरा! मेव्हण्यांनी 'एकूण किंवा ५०००' अशी जावास्क्रिप्टची दोन उभ्या रेघांची 'किंवा' लावून दिली. ही 'किंवा' डावीकडे काही दम नसेल तर उजवीकडचं उचलते, आणि अडचण अशी की शून्यातही तिला दम वाटत नाही. चुकीचे क्रमांक टाकणाऱ्यांना पाच हजारांचा दणका बसला, तो बसायलाच हवा होता. पण ज्याने खरंच सगळे पैसे भरलेत आणि ज्याची थकबाकी खरंच शून्य आहे, त्यालाही पाच हजार. असा सभासद आमच्याकडे एकच, बी विंगमधले निवृत्त बँक अधिकारी. ते एप्रिलमध्येच वर्षाचे पैसे आगाऊ भरतात. ते पावत्यांची फाइल घेऊन काकांच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या कपाळावरची शीर मला जिन्यातून दिसत होती.

मला राहवलं नाही. म्हटलं, 'काका, शून्य आणि काहीच नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन उभ्या रेघा काढा आणि दोन प्रश्नचिन्हं घाला. २०२० पासून भाषेत सोय आहे, ती फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच पर्याय देते, शून्याला हात लावत नाही. आणि त्याआधी सदनिका सापडली की नाही ते तपासा, नाही सापडली तर हिशेबच करू नका.'

जिन्यात शांतता पसरली.

'वहिनी, तुम्हाला यातलं कळतं?'

'पोटापाण्याला तेच करते, काका.'

'मग साहेब काय करतात?'

'गिअरबॉक्स.'

त्या दिवसापासून साहेब लिफ्टमधून सातव्या मजल्यापर्यंत येतात.

स्क्रिप्ट माझ्याकडे आली. क्रमांक कसाही लिहिला तरी ओळखला जाईल असं केलं, यादीला रिकामं अवतरणचिन्ह दिलं, 'नेम'चं 'सभासद' केलं, आणि २०१५ पासून मिळणारं 'लेट' सगळ्या 'व्हार'च्या जागी घातलं. लगेच पान थांबलं. 'व्याज' या व्हेरिएबलला वरच किंमत दिली होती आणि तो चाळीस ओळी खाली जाहीर केला होता. 'व्हार'ने इतकी वर्षं ते निमूट पोटात घातलं होतं. 'लेट'ला ते खपत नाही, जाहीर होण्याआधी हात लावलात की ते सरळ एरर फेकतं. ही ओळ वर सरकवायला मला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात ग्रुपवर 'वहिनींनी हात लावला आणि साइट बंद पडली' असं येऊन त्यावर अकरा अंगठे पडले होते, एक जर्मनीहून.

आता पान बरोबर चालतं आणि त्यामुळे अप्रिय आहे. येत्या सभेत 'जुनी वेबसाइट पूर्ववत करणे' हा विषय पटलावर आहे, लॅमिनेशनवाले गृहस्थ सूचक आहेत, आणि यादीतून अनडिफाइन्ड गेल्याने यंदा गणसंख्येचीही खात्री नाही. तुमच्या सोसायटीच्या वेबसाइटवर नान दिसत असतील तर दोन दिवस धीर धरा, कोणीतरी तक्रार करेलच. पण थकबाकी शून्य दिसत असेल, तर मिठाई आणण्याआधी खजिनदारांकडून सहीची पावती तेवढी मागून घ्या.